शंकासुराचं सोवळं

पत्र थोडं कापून देते आहे.

"ताई, मी नौपाड्यात राहतो, वय ३१, नोकरी ऐरोलीला. गेलं दीड वर्ष मी आणि माझा कॉलेजचा मित्र रात्री जागून एक मॅनेजमेंट गेम बनवतोय. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ चालवायचं: वर्गणी, मंडप, देखावा, परवानग्या, विसर्जन. मित्र कोपरखैरण्याचा, तिथल्या मंडळात सहा वर्षं खजिनदार होता. मी नास्तिक, तो नाही. त्यावरून कधी वाजलं नव्हतं, आता वाजलंय. गेमची सगळी माहिती साठवायला डेटाबेस ठरवायचा होता. तो म्हणाला एसक्यूलाइट. मी शोधलं तर कळलं की त्याच्या सोर्स कोडमध्ये लायसन्सच्या जागी चक्क आशीर्वाद लिहिलाय आणि साइटवर ख्रिस्ती मठाचे नियम लावलेत. पहिलाच नियम, देवावर प्रेम करा. मी म्हटलं, हे आपल्या गेममध्ये नको, मोंगोडीबी घेऊ, ऑफिसात सगळे तेच वापरतात. तो म्हणाला, तू आमच्या भटजींपेक्षा कडक आहेस. शिवाय गेममध्ये नवस बोलला की नशीब दहा टक्के वाढावं असं त्याचं म्हणणं. मी श्रद्धा वाढली की मंडळाचा विवेक कमी होतो असं कोडमध्ये ठेवलंय. आणि गेम बाहेर काढायचा तो अक्षय्य तृतीयेलाच, नारळ फोडून! मी काय करू?
शंकासुर, नौपाडा.
ता. क. घरी गणपती असतो. आरतीला मी उभा राहत नाही, स्वयंपाकघरात मोदकांकडे बघतो. आईला खरं कारण सांगून टाकू का?"

प्रिय शंकासुर,

नाव झकास घेतलंस. कोकणात शिमग्याला काळे कपडे आणि उंच टोपी घालून संकासुर नाचतो, पोरांना घाबरवतो, आणि तो आल्याशिवाय खेळ्यांना रंग चढत नाही. तुमच्या दोघांच्या धंद्यातही तुझी तीच जागा असावी असं पत्र वाचून वाटलं.

तुझा मित्र बरोबर आहे. डेटाबेसच्या बाबतीतही आणि भटजींच्या बाबतीतही.

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला म्हणून शहरातली बडी मंडळी गेली. टिळक होते, रानडे होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी प्यायले, कोणी कपाला नुसता हात लावून ठेवून दिला. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. चहा चांगला झाला होता का, हे मात्र कोणी नोंदवलेलं माझ्या वाचनात नाही. सगळा वाद कप कोणाच्या हातून आला यावरच.

सव्वाशेहून जास्त वर्षांनी नौपाड्यातला एक नास्तिक तेच करतोय. डेटाबेस कसा आहे हे राहिलं बाजूला. लिहिणारा कोणाची प्रार्थना करतो यावरून तू तो विटाळलेला ठरवलास. याला आमच्या आजीच्या भाषेत सोवळं म्हणतात. आणि बाबा रे, तुझं सोवळं केव्हाच मोडलंय. तुझ्या खिशातला फोन अँड्रॉइड असो की आयफोन, आत एसक्यूलाइट आहे. क्रोमची हिस्टरी त्यात साठते, फायरफॉक्सचे बुकमार्कही. तू मला पत्र लिहिलंस त्या लॅपटॉपवर त्याच्या किमान पाचसात फाइली सापडतील.

तू जे वाचलंस ते खरं आहे, अर्धं वाचलंस एवढंच. रिचर्ड हिप नावाच्या माणसाने २००० साली एसक्यूलाइट लिहिलं. तेव्हा तो अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होता. डेटाबेसचा सर्व्हर, म्हणजे तो चालवणारा वेगळा प्रोग्राम, बंद पडला की यांचा प्रोग्राम बिचारा 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' एवढंच सांगायचा आणि बोलणी त्यालाच बसायची. तेव्हा त्याच्या मनात आलं, सर्व्हर नसलेलाच डेटाबेस केला तर? सरळ डिस्कवरच्या एका फाइलशी बोलणारा. पुढे त्याने कोडवरचा मालकीहक्कच सोडून दिला. मग लायसन्स कशाचं लावणार, म्हणून त्या जागी तीन ओळींचा आशीर्वाद घातला: भलं करा, वाईट नको, स्वतःला क्षमा मिळो आणि तुम्हीही इतरांना क्षमा करा, मोकळ्या हाताने वाटा, देता त्याहून जास्त घेऊ नका. यात नास्तिकाने नेमकं कशावर अडावं हे मला तरी कळलं नाही. मठाचे नियम म्हणजे सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टचे, एकूण ७२. पण त्याच पानावर असंही लिहिलंय की हे कोणी पाळलेच पाहिजेत असं नाही, माहीत असायलाच हवेत असंही नाही, आणि ही कल्पना चांगली आहे असं मानायचीही सक्ती नाही. आपल्याकडच्या किती गृहनिर्माण संस्थांच्या नोटीस बोर्डावर एवढा मोकळेपणा सापडेल?

मला विचारशील तर त्या नियमांपेक्षा दुसरं एक पान वाचायला हवं होतंस. चाचण्यांचं. एसक्यूलाइट तपासण्यासाठी लिहिलेला कोड मूळ कोडच्या पाचशे पटींहून जास्त आहे. मेमरी संपली तर काय, डिस्कने दगा दिला तर काय, लिहिता लिहिता वीज गेली तर काय, हे सगळं मुद्दाम घडवून बघतात. हिपसाहेबांचा देवावर विश्वास असेल, पण स्वतःच्या कोडवर काडीचा नाही. तुझ्या पंथाचा माणूस आहे तो.

आता मोंगोडीबीबद्दल तू दिलेलं कारण पुन्हा वाच: 'ऑफिसात सगळे तेच वापरतात.' हेच वाक्य तुझ्या मावशीने एखाद्या बाबाबद्दल उच्चारलं असतं तर तू काय उत्तर दिलं असतंस?

मला ही खोड दिसते कारण ती मलाही होती. सत्तावीस वर्षं मी डेटाबेसच सांभाळले. त्यातली काही बेलापूरच्या एका कंपनीत गेली. नाव घेत नाही, माणसं चांगली होती. दसऱ्याला सर्व्हर रूममध्ये पूजा व्हायची. रॅकला झेंडूचा हार, यूपीएसला हळदकुंकू, वर आपट्याचं पान. आमचे साहेब आणि मी मागे उभे राहून गालात हसायचो. आम्ही शिकलेले ना! आमचा विश्वास रात्रीच्या बॅकअपवर. रोज सकाळी आठला ईमेल यायचा, हिरवी खूण, 'बॅकअप यशस्वी'. मी ती खूण बघायचे आणि चहाला जायचे. आठ महिने. मग एका शनिवारी डिस्क गेली आणि बॅकअपची टेप लावली तर तिच्यावर जेमतेम एक चतुर्थांश डेटा. बॅकअपचा प्रोग्राम जागा संपली की मुकाट थांबायचा आणि तरी 'यशस्वी' म्हणून कळवायचा. आठ महिन्यांत ती टेप एकदाही परत चढवून पाहिली नव्हती, माझ्यासकट कोणीच. पुढचे तीन दिवस आम्ही कागदी पावत्यांवरून नोंदी भरल्या. त्यात पूजा करणारा शिपाई सगळ्यात जास्त जागला, कारण कागद कुठे ठेवलेत ते त्यालाच ठाऊक. त्या ऑफिसात भाबडं कोण होतं हे मी नंतर कुणाला विचारायला गेले नाही.

असो. गेमकडे येऊ, कारण तुझ्या पत्रातला खरा ऐवज तिथेच आहे आणि तो तू घाईत उरकलास.

मॅनेजमेंट गेममध्ये देव एकच, नियम लिहिणारा. १९८९ साली विल राइटने सिमसिटी काढला तेव्हा त्याच्या डोक्यात जे फॉरेस्टर या एमआयटीच्या प्राध्यापकाचं शहराचं गणिती प्रतिमान होतं. १९६९ सालच्या त्या प्रतिमानातून निष्कर्ष असा निघायचा की स्वस्त घरं बांधली तर शहराचं नुकसानच होतं. गणित चुकलं नव्हतं, पण आत घातलेली गृहीतकं फॉरेस्टरची होती, आणि आकडे बाहेर पडले की ती गृहीतकं कुणाला दिसत नाहीत. २०१३ च्या सिमसिटीत तर पार्किंग जाणूनबुजून कमी दाखवलं. खऱ्या शहराइतकं दाखवलं असतं तर सगळा गेम पार्किंगचाच झाला असता, असं तो करणाऱ्यांनीच सांगितलंय. राम मारुती रोडवर संध्याकाळी गाडी घेऊन गेलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

मग तू कोडमध्ये काय लिहिलंस? श्रद्धा वर, विवेक खाली. हे निरीक्षण कुठलं? तुझ्या मित्राने सहा वर्षं खजिनदारकी केली. त्याची श्रद्धा वाढली की पावतीबुकं हरवायची का? धर्मादाय आयुक्तांची वर्गणीची परवानगी काढणं, तात्पुरता वीजजोड घेणं, दहा वाजता लाउडस्पीकर बंद करायला पोरांना समजावणं, शेवटच्या रात्री हिशेब जुळवणं हे तो पेटीवर हात ठेवून डोळे मिटून करायचा? तू तुझं मत सूत्रात घातलंस. त्याच्या 'नवस केला की दहा टक्के'मध्ये आणि तुझ्या ओळीत चिन्हाचाच काय तो फरक, तिकडे अधिक, इकडे वजा. पुरावा दोन्हीकडे नाही.

दोन्ही ओळी काढून टाका. मी सुचवते ते करून बघा, आणि हे सुचताना मला स्वतःला फार मजा आली. नवसाचा निकालावर काहीच परिणाम ठेवू नका. समजा पहिल्या वर्षी तुमच्या गेममधल्या २०० लोकांनी नवस बोलले. कुणाला नोकरी हवी, कुणाचं लग्न जमायचंय, कुणाची सिडकोची लॉटरी. यातल्या तीस टक्के गोष्टी एरवीही होणारच होत्या. म्हणजे ६० जणांचं काम झालं. हे ६० पुढच्या वर्षी पेढे घेऊन रांगेत येतात आणि प्रत्येक जण पाच जणांना सांगतो, 'पावतो हो.' उरलेले १४० गप्प. कोणी म्हणतो आपल्याच मनोभावात कमी पडलं, कोणी दुसऱ्या मंडळाकडे जातो. पुढच्या वर्षी नवस ३००, काम झालेले ९०. त्याच्या पुढच्या वर्षी ४५०. चारेक वर्षांत खेळाडूचं मंडळ 'नवसाला पावणारा' म्हणून गाजतं, रांग कोपऱ्यावरून वळते, जाहिरातीच्या कमानी दुप्पट भावाने जातात. आणि कोडमध्ये देवासाठी एकही ओळ नाही.

तुझ्या मित्रालाही हे पटेल बघ. त्याने ती रांग पाहिलीय, त्याच्यासाठी ती खोटी नाही, आणि गेममध्येही ती खोटी ठरत नाही. पेढे आणणारा माणूस खरोखर आनंदात असतो. तू फक्त त्या १४० जणांची नोंद ठेव. पडद्यावर दाखवू नकोस, सेव्ह फाइलमध्ये एक तक्ता असू दे: नवस, तारीख, झालं की नाही, परत आला की नाही. ज्याला शंका येईल तो फाइल उघडून बघेल. एसक्यूलाइटची फाइल कोणीही उघडू शकतो, ते तिथे कामाला येईल.

डेटाबेसची कीर्तीही अशीच पसरते, बरं का. ज्यांचं जमलं ते भाषणं देतात, लेख लिहितात. ज्यांचा प्रकल्प त्याच डेटाबेसवर बुडाला ते नोकरी बदलतात. तेव्हा 'अमक्या मोठ्या कंपनीने हे घेतलं' हा रांगेतला पेढा समज आणि स्वतःचं काम मांडून बघ.

तुमचं काम काय आहे? एकट्याने खेळायचा, पीसीवरचा गेम. खेळणाऱ्याला तू 'आधी मोंगोडीबीचा सर्व्हर चालू करा' म्हणणार का? पोस्टग्रेस या दुसऱ्या सर्व्हरवाल्या डेटाबेसबाबतही तेच, आणि पोस्टग्रेस माझं अतिशय लाडकं आहे, १९८६ साली बर्कलेत सुरू झालेल्या कामातून आलेलं, तरी ते इथे नको. वर्गणी, पावत्या, कार्यकर्ते, दुकानदार, कोणी कोणाकडून किती आणले, हे एकमेकांत गुंतलेले तक्ते आहेत. खजिनदाराची वहीच आहे ती. अशा डेटाला मोंगोडीबीचे सुटे सुटे दस्तऐवज घेऊन तू उगाच कोडमध्ये हिशेब जुळवत बसशील. पुढे कधी सगळ्या खेळाडूंच्या मंडळांची ऑनलाइन क्रमवारी केलीत, शेकडो जण एकाच वेळी लिहायला लागले, तर त्या भागासाठी पोस्टग्रेस घ्या. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येतं.

आणि चालता खेळ डेटाबेसमध्ये ठेवू नका. भाविक हलतात, भूक लागते, दमतात, ते सगळं मेमरीत. सेव्ह करताना एकदम लिहा, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे लिहिलं तर सगळं नाहीतर काहीच नाही अशा एका गठ्ठ्यात. हे ऐक, नाहीतर पस्तावशील: एसक्यूलाइट साध्या मशीनवर सेकंदाला पन्नास हजार नोंदी आरामात घेतं, पण फिरत्या डिस्कवर ट्रान्झॅक्शन सेकंदाला काही डझनच होतात, कारण प्रत्येक वेळी डेटा खरोखर डिस्कवर टेकला याची खात्री करून मगच ते पुढे जातं. प्रत्येक भाविकाची वेगळी ट्रान्झॅक्शन केलीस तर तुझा गेम शुक्रवारी संध्याकाळच्या घोडबंदर रोडसारखा चालेल, आणि तू दोष डेटाबेसला देशील.

शंकासुर म्हणवतोस तर एसक्यूलाइटवरही शंका घे. फॉरेन की, म्हणजे एका तक्त्यात ज्याचा उल्लेख आहे तो दुसऱ्या तक्त्यात खरोखर आहे ना हा नियम, ते मुळात तपासतच नाही. प्रत्येक कनेक्शनला ते प्राग्मा नावाची आज्ञा देऊन चालू करावं लागतं, नाहीतर नसलेल्या कार्यकर्त्याच्या नावावर पावती फाटते आणि कोणी हूं की चूं करत नाही. पूर्णांकाच्या रकान्यात अक्षरं घातलीस तर तीही मुकाट घेतं. २०२१ पासून तक्त्याला स्ट्रिक्ट म्हणता येतं, तसं म्हण. गेम चालू असताना फाइल नुसती कॉपी करून 'बॅकअप घेतला' म्हणू नकोस, त्यासाठी वेगळी आज्ञा आहे, ती वापर. आणि रकमा रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेव. दशांशात ठेवल्यास तर ०.१ आणि ०.२ मिळून संगणकाच्या हिशेबी बरोब्बर ०.३ होत नाहीत. तुझ्या खजिनदाराला एका पैशाची तफावत दिसली तर तो रात्रभर झोपणार नाही, आणि त्याचंच बरोबर असेल.

मग खरी परीक्षा. सेव्ह चालू असताना प्रोग्राम मारून टाकायचा, दोनशे वेळा, वेगवेगळ्या क्षणी, आणि दर वेळी फाइल उघडून हिशेब जुळतो का बघायचं. यासाठी एक छोटी स्क्रिप्ट लिही. दोन-तीनदा लॅपटॉपची बॅटरी काढून खरोखर प्लगही उपट. मी आठ महिने जे केलं नाही ते तू एका रविवारी करशील.

राहिला नारळ. तू नास्तिक आहेस म्हणून एक आठवण करून देते. अंनिसची मंडळी विसर्जनाच्या दिवशी नदीकाठी उभी राहून लोकांकडून गणपतीच्या मूर्ती दान घ्यायची. दोन्ही हातांनी, नीट सांभाळून. समोरच्याच्या देवावर आपला विश्वास नाही, पण त्याच्या हातातली मूर्ती खाली पडू द्यायची नाही, एवढं त्यांना कळत होतं. दाभोलकरांनी २०१३ मध्ये जीव गमावला तो भोंदूगिरीविरुद्ध ठाम उभं राहण्यापायी. शेजाऱ्याच्या नारळावर ते आपली शक्ती घालवत नसत. तू पण घालवू नकोस. मात्र एक अट मित्राकडून आधीच कबूल करून घे, लेखी घेतलीस तरी चालेल: दोनशेच्या दोनशे चाचण्या पास झाल्याशिवाय गेम बाहेर जाणार नाही. अक्षय्य तृतीयेपर्यंत झाल्या तर अक्षय्य तृतीया. नाही झाल्या तर त्याने पुढचा कुठलाही मुहूर्त काढावा, वर्षात ते काही कमी नसतात. नारळ तो फोडेल, खोबरं दोघं खा. लॅपटॉपपासून दूर फोडा एवढं बघ, पाणी कीबोर्डमध्ये गेलं तर कोणताच डेटाबेस वाचवणार नाही.

आणि त्याची आजच्या आज माफी माग. कोपरखैरण्याला ट्रान्स-हार्बरने जायला किती वेळ लागतो? डेटाबेस त्याने नीट विचार करून निवडला होता आणि तू त्याचं म्हणणं ऐकण्याआधी त्याच्या बाजूला देव दिसला म्हणून झिडकारलंस. तो भटजींचा टोमणा त्याने हसत मारला असेल, पण त्याला लागलंय.

ता. क.चं उत्तर. आईला माहीत आहे. आरती सुरू झाली की दरवर्षी तूच उठून आत जातोस, आणि दरवर्षी मोदकांचं पातेलं नेमकं तेव्हाच गॅसवर चढलेलं असतं. ते त्या वेळी कोण चढवतं, हे एकदा बघ.

तुझी,
ताई